बेचाळीस तास सतरा मिनिटं

खडकी, ४ जुलै २०११

मा. परचुरे साहेब,

सविनय जयभीम. आपली माझी ओळख नाही. तपकीर गल्लीत मी चार दुकानं फिरले. तिघांनी "जुनं कशाला उघडताय मॅडम, नवीन घ्या," म्हणून वाटेला लावलं. चौथ्याने आपलं नाव सांगून जिना दाखवला. वर आले तर दाराला कुलूप आणि पाटी: 'ऐकू येत नाही. फोन करू नये. काम असल्यास पत्र लिहावे.' सव्वीस वर्षं मी महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवते, पण पत्र लिहा म्हणणारा माणूस पहिल्यांदाच भेटला. म्हणून लिहिते.

माझा मुलगा तेजस १९९८ साली २१ ऑगस्टला गेला. चौदा वर्षांचा होता. मेंदूज्वर झाला आणि तीन दिवसांत सगळं संपलं. त्याच्याकडे हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम होता, मामाने मस्कतहून आणलेला. त्यात काडेपेटीहून जरा मोठी कॅसेट बसते. खेळात एक मुलगा गावोगाव फिरतो, त्याच्या मागे एक कुत्रा असतो. आपण जिथे थांबवू तिथपासून खेळ परत सुरू होतो, कारण कॅसेट ते लक्षात ठेवते.

तेजसने शेवटचा खेळ १८ तारखेला संध्याकाळी थांबवला. अंगात ताप होता. "आई, होडी मिळाली. उद्या पलीकडे जातो," म्हणाला.

दर वर्षी २१ ऑगस्टला आमच्याकडे वंदना होते, खीर होते. पाहुणे गेले की मी तो गेम लावते. समुद्राच्या धक्क्यावर तो मुलगा उभा असतो, शेजारी कुत्रा, समोर होडी. कोपऱ्यात आकडा असतो ४२:१७. बेचाळीस तास सतरा मिनिटं, म्हणजे तेजस जेवढा वेळ खेळला तेवढा वेळ. मी एकही बटण दाबत नाही. थोडा वेळ बघते आणि बंद करते.

आता शाळेतला एक नवा शिक्षक सांगतो की कॅसेटच्या आत एक छोटा सेल असतो आणि तो संपला की सगळं पुसलं जातं. तेरा वर्षं झाली. ऐकल्यापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे. आतलं न पुसता सेल बदलता येईल का? येत नसेल तर सरळ नाही म्हणा. प्रयोग मात्र करू नका.

आपली नम्र,
ललिता रणपिसे

*

बुधवार पेठ, ९ जुलै

सौ. ललिताबाई रणपिसे यांना नमस्कार.

पत्र मिळाले. अक्षर चांगले आहे. पाटी वाचून तसे वागणारे माणूस मलाही प्रथमच भेटले.

मी मूळचा रेडिओवाला. कान गेल्यापासून दुरुस्त केलेला रेडिओ वाजतो की नाही हे खालच्या चहावाल्याला विचारावे लागे. तो प्रत्येक वेळी मान डोलावून 'वाजतो' म्हणे. म्हणून ते काम सोडले. आता नुसत्या डोळ्यांनी तपासता येतील तेवढ्याच वस्तू घेतो. कॅसेट त्यात बसते.

आपल्याला मिळालेली माहिती खरी आहे. सेल काढला की त्याच क्षणी आतले सगळे जाते. उपाय एवढाच की नवा सेल आधी जोडायचा आणि मग जुना सोडवायचा. तान्हे मूल एकाच्या मांडीवरून दुसऱ्याच्या मांडीवर देतो तसे. दुसऱ्याने धरले की मगच पहिल्याने सोडायचे. गेल्या चारपाच वर्षांत अशा सात-आठ केल्या. दोन गेल्या, त्यांचे सेल मुळात मेलेले होते.

पोस्टाने पाठवू नका. कोणाच्या तरी हाती द्या. खेळाचे यंत्रही द्या, कारण शेवटी ४२:१७ दिसते की नाही ते मला पाहावे लागेल. घाई करायची नाही आणि रोज चौकशी करायची नाही.

सी. वि. परचुरे

*

खडकी, १३ जुलै

मा. परचुरे साहेब,

सविनय जयभीम. कॅसेट आणि गेम यांच्या हाती पाठवते आहे. हे अॅम्युनिशन फॅक्टरीत आहेत, पहिली पाळी करून थेट येतील. तेजस गेल्यापासून फार बोलत नाहीत, तेव्हा गैरसमज नसावा.

एक सांगायचं राहिलं. त्या कुत्र्याचं नाव तेजसने DIPU ठेवलं होतं. दिपू म्हणजे आमची दीपाली, त्याच्याहून तीन वर्षांनी लहान. तिला चिडवायला ठेवलं होतं. पडद्यावर ते नाव दिसतं आणि मला दर वर्षी वाटतं, त्याला ती सोबत हवी होती.

खरं तर हे काम मी आधी तिलाच सांगितलं होतं. हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे, तिला यातलं कळायला हवं. फोनवर म्हणाली, "आई, राहू दे ना. उघडू नकोस. काही होत नाही त्याला." बास, एवढंच. खडकी ते हिंजवडी असं कितीसं अंतर? पण बाईसाहेब होस्टेलवर राहतात. २१ ऑगस्टला येते, खीर खाते, आणि मी गेम काढला की उठून बाहेर जाते. पोटची मुलगी आहे, पण भावाविषयी इतकी कोरडी कशी झाली ते मला कळत नाही.

बारावीला असताना कॉलेजचं पत्र आलं, मुलगी वर्गात बसत नाही. शोधत गेले तर खडकी स्टेशनच्या बाकावर बसून हाच गेम खेळत होती! माझ्या कपाटातून काढून नेलेला. मी हातातून हिसकावून घेतला आणि तिथेच लावून बघितला. नशीब, ४२:१७ होतं, काही बिघडलं नव्हतं. त्या दिवशी मी तिला रागावले. जरा जास्तच रागावले असेन.

जाऊ दे. आपल्याला कशाला हे सगळं! २१ ऑगस्टच्या आधी मिळालं तर बरं होईल.

ललिता रणपिसे

*

बुधवार पेठ, २० जुलै

सौ. ललिताबाईंना नमस्कार.

आपले यजमान येऊन गेले. ते बोलत नाहीत आणि मला ऐकू येत नाही, त्यामुळे व्यवहार उत्तम झाला. चहा घेतला. जाताना त्यांनी कॅसेटवर एकदा हात ठेवला आणि मग दिली.

सेल जिवंत आहे. यंत्रात घालून पाहिले, ४२:१७ दिसते. काळजी नसावी. मात्र उघडल्यावर एक गोष्ट आढळली. तिचा खुलासा आपल्या मुलीकडूनच होईल. तिचा पत्ता कळवावा. काय ते आत्ता विचारू नये.

सी. वि. परचुरे

*

बुधवार पेठ, २७ जुलै

कु. दीपाली रणपिसे यांस,

तुमच्या आईने तुमच्या भावाच्या गेमची कॅसेट माझ्याकडे सेल बदलायला दिली आहे. माझी एक सवय आहे. उघडलेल्या प्रत्येक वस्तूच्या आत मी सुईने तारीख आणि नावाची अक्षरे कोरतो. पुढे कोणी उघडली तर आधी कोण गाढव आत शिरला होता ते त्याला कळावे, असा हेतू. या कॅसेटच्या झाकणात कोरलेले आहे: 'सी. प. ९-२००४'. गाढव मीच.

मग सगळे आठवले. कॉलेजची मुलगी, खांद्याला सॅक, वस्तू रुमालात बांधलेली. "सेल संपायच्या आत बदलून द्या," असे तुम्ही म्हणाला होतात. त्या वेळी मला एका कानाने ऐकू येत होते, पण या खेळण्यांतले काही कळत नव्हते. भिंतीवरच्या घड्याळाचा बदलावा तसा मी सेल उपटला आणि नवा चिकटवून दिला. दुसऱ्या दिवशी तुम्ही परत आलात. "आतलं सगळं गेलं," म्हणालात. रडला नाहीत. मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवते. "सेल बदलला की वेळ पुन्हा लावून घ्यावी लागते. एवढंही माहीत नाही?"

त्यात काय होते हे मला या महिन्यात तुमच्या आईच्या पत्रातून कळले. जो सेल जिवंत होता, तो काढून तुमच्या भावाचे जे काही उरले होते ते मी पुसले. आता प्रश्न असा की ते पुसले गेले, तर आज पडद्यावर जे ४२:१७ दिसते ते कोणी लावले?

मला वाटते, मला उत्तर ठाऊक आहे. तरी तुमच्याकडून हवे.

सी. वि. परचुरे

*

हिंजवडी, १ ऑगस्ट

परचुरे सर,

मी हाताने शेवटचं पत्र सातवीत लिहिलं होतं, परीक्षेत. चुका झाल्या तर सॉरी.

हो, मीच. तुमच्या दुकानातून घरी गेले, गेम लावला तर 'नवीन खेळ' एवढंच दिसत होतं. मैत्रिणीचा भाऊ म्हणाला होता सेल संपतात, म्हणून मी शहाणपणा करून आईला न सांगता तो आणला होता. आई वर्षातून एकदाच तो बघते. माझ्याकडे अकरा महिने होते.

मग मी परत खेळायला लागले. घरी शक्य नव्हतं म्हणून कॉलेज बंक करून स्टेशनवर. दादू खेळायचा तेव्हा मी त्याच्या खांद्यावरून बघायचे, सगळा रस्ता मला पाठ होता. तो कुठल्या गावात काय बोलायचा तेही. कुत्र्याला नाव द्यायची जागा आली तेव्हा मला माझंच नाव टाईप करावं लागलं. त्याने ठेवलं तेव्हा मी भांडले होते, आईकडे तक्रार केली होती.

तो धक्क्यावर बेचाळीस तासांनी पोहोचला होता. मी एकोणतीस तासांत पोहोचले, कारण तो रस्ता चुकायचा आणि मी चुकत नव्हते. आकडा जुळायला हवा होता. म्हणून उरलेले तेरा तास मी त्याला धक्क्यावर नुसतं उभं ठेवलं, गेम चालू, आणि बाकावर बसून राहिले. गाड्या यायच्या, जायच्या. कुत्रा होडीच्या डाव्या बाजूला हवा होता आणि दादूने पाण्याकडे तोंड केलेलं, थोडं तिरकं. एकदा गाडीच्या आवाजाने लक्ष उडालं आणि ४२:१९ झालं. बंद करून परत मागून सुरू केलं. शेवटी ४२:१७ ला सेव्ह झालं. पाच मिनिटांनी आई आली.

तिने मला थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "तो असता तर आज इंजिनिअरिंगला असता. पण राहिलीस ती तू."

मी सॅक उचलून तिच्या मागून घरी आले. खरं सांगितलं असतं तर तिचं ते बघणंही गेलं असतं. दर वर्षी ती त्या स्क्रीनकडे बघून हळूच "तेजू" म्हणते, आणि मला तिथे बसवत नाही. कारण तो तेजू नाहीये ना, ती मी आहे.

प्लीज तिला सांगू नका. सेल बदला आणि देऊन टाका. मी तुमच्यावर चिडलेली नाही. तेव्हा होते.

दीपाली

*

बुधवार पेठ, ६ ऑगस्ट

सौ. ललिताबाईंना नमस्कार.

हे पत्र मी तीन वेळा लिहून फाडले. आता आहे तसे पाठवतो.

२००४ च्या सप्टेंबरात तुमची मुलगी ही कॅसेट घेऊन माझ्याकडे आली होती. सेल संपून भावाचा खेळ जाऊ नये म्हणून. मी अज्ञानाने जुना सेल आधी काढला आणि तुमच्या मुलाचा खेळ पुसला गेला. दोष माझा आहे, तिचा नाही. तिने तो स्वतः पहिल्यापासून खेळून पुन्हा उभा केला, आकड्यासकट, तुम्हाला कळू नये म्हणून. स्टेशनच्या बाकावर ती तेच करत होती.

हे सांगू नका अशी तिने विनंती केली होती. ती मी मोडतो आहे. तुम्ही तिला सात वर्षे कोरडी समजता, हे मला माहीत आणि तिला नाही. तिने काय केले, हे मला माहीत आणि तुम्हाला नाही. एवढे दोन्हीकडचे सांभाळून गप्प बसणे मला जमत नाही. माझ्या अपराधाबद्दल क्षमा मागतो. मिळावी अशी अपेक्षा नाही.

सी. वि. परचुरे

*

खडकी, १० ऑगस्ट

परचुरे,

आपण खरं सांगितलंत म्हणून आभार मानायला हवेत. मी मानत नाही.

सात वर्षं मी कोणासमोर बसत होते? कोणाला हाक मारत होते? माझा मुलगा दुसऱ्यांदा गेला, आणि या वेळी मला सात वर्षांनी कळवण्यात आलं. पहिल्या वेळी निदान त्याचा हात माझ्या हातात होता.

दीपालीला फोन लावला होता. तिने उचलला, 'हॅलो' म्हणाली आणि मी ठेवून दिला.

सेल बदलू नका. संपेल तेव्हा संपू दे. वस्तू तुमच्याकडेच ठेवा, मला बघवणार नाही.

ललिता रणपिसे

*

बुधवार पेठ, १४ ऑगस्ट

सौ. ललिताबाईंना जयभीम.

आपली सूचना मिळाली. पाळता येत नाही. आत जे आहे ते आता आपल्या मुलाचे नाही, हे आपणच म्हणता. मग ते ज्याचे आहे त्याला विचारणे भाग होते. चहावाल्याच्या हाती तिला चिठ्ठी पाठवली, तिचे 'बदला' असे उत्तर त्याच्याच हाती आले. काल बदलला. या वेळी नवा सेल आधी जोडला. माझा हात हल्ली कापतो, म्हणून कोपर टेबलाला पट्ट्याने बांधून घेतले होते. यंत्रात घालून पाहिले. ४२:१७. कुत्रा डाव्या बाजूला.

आत नवी तारीख कोरली आहे. शेजारी माझी अक्षरे नाहीत, 'दीपाली' असे पूर्ण नाव आहे.

सोबत तिचे मला आलेले पत्र ठेवले आहे. आईला पाठवू का, असेही विचारले होते. 'पाठवा' एवढेच आले. वाचावे.

वस्तू दोघींच्या सहीशिवाय मिळणार नाही. दोघींनी एकत्र यावे. एकट्या कोणीही आल्यास मला ऐकू येत नाही असे समजावे.

सी. वि. परचुरे

*

खडकी, १६ ऑगस्ट

प्रिय दिपू,

परचुऱ्यांनी तुझं पत्र पाठवलं. मी वाचलं. मग पप्पांनी वाचलं. घडी घालून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "मी ड्युटीवर जाता-येता तिला त्या बाकावर बघायचो. मैत्रिणीची वाट बघत असेल वाटलं. सायकल थांबवली नाही." तेरा वर्षांत ते एका वेळी इतकं बोललेले मी ऐकले नव्हते.

ते वाक्य मी बोलले होते. परचुऱ्यांना लिहिताना 'जरा जास्तच रागावले असेन' असं लिहिलं. पोरांच्या वह्यांतली खाडाखोड मला चालत नाही, आणि माझं स्वतःचं मी असं खोडून टाकलं होतं. तुझ्या अक्षरात ते वाचलं तेव्हा कळलं की तू ते सात वर्षं जसंच्या तसं सांभाळलं आहेस. बाळा, मी चुकले. ते शब्द परत घेता येत नाहीत, येत असते तर त्याच दिवशी स्टेशनवरून घरी येताना घेतले असते. मला तेव्हाच कळलं होतं काय बोलले ते. तुला जवळ घ्यायचं धाडस झालं नाही.

तुझ्याशी खोटं बोलणार नाही. तेजसचं ते गेल्याचं मला फार लागलंय. त्याचे बेचाळीस तास गेले ते गेलेच, ते तूही परत आणू शकली नाहीस.

पण एक गोष्ट मला छळते आहे. तू लिहिलंस, कुत्रा होडीच्या डावीकडे होता आणि तेजू पाण्याकडे थोडा तिरका उभा होता. मला कोणी विचारलं असतं तर मी उजवीकडे सांगितलं असतं. दर वर्षी मी समोर बसून बघत होते आणि मला ते आठवत नव्हतं. तो रस्ता चुकायचा हेही मला माहीत नव्हतं. तुला सगळं आठवत होतं. भावाला तू माझ्याहून जास्त जपलंस आणि मी तुलाच कोरडी म्हणत राहिले, तेही परक्या माणसाला लिहून.

शनिवारी दुपारी चार वाजता मी परचुऱ्यांच्या जिन्याखाली थांबते. त्यांना दोन सह्या हव्या आहेत. नाही आलीस तर मी तुला बोल लावणार नाही, तशीच परत जाईन. रविवारी २१ तारीख आहे. खीर करणारच आहे.

माझी शाळा त्या स्टेशनपासून दहा मिनिटांवर आहे, दिपू. तू तेरा तास त्याला धक्क्यावर उभं ठेवून बाकावर बसलीस, तेव्हा मी तिथेच, दहा मिनिटांवर, दुसऱ्यांच्या मुलांना शिकवत होते. मी येऊन तुझ्याजवळ बसायला हवं होतं. एवढंच म्हणायचं आहे.

आलीस तर रविवारी मी गेम लावल्यावर उठून बाहेर जाऊ नकोस. त्या पडद्यावर या वेळी मला तुला बघायचं आहे.

तुझी,
आई